तिसरी डहाळी

कड्यावरचं पाणी खाली पडत नाही, वर जातं, असं आईने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा अक्षदा दुसरीत होती. तिने ते शाळेत जाऊन सांगितलं. वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "आईला नीट विचार, पाणी की वाफ?" संध्याकाळी भाकरी थापता थापता आईने ते ऐकून घेतलं आणि पिठाचा हात तसाच वर धरून म्हणाली, "बाईंना सांग, पानीच. मी भिजलेय त्यात. पायाकडून डोक्याकडं भिजलेय."

पुढे अक्षदाने त्याबद्दल वाचलं. कोकणातून आलेला वारा सह्याद्रीच्या उभ्या भिंतीवर आपटतो, त्याला पुढे जायला वाट उरत नाही, मग तो भिंतीला धरून वर सुटतो आणि वाटेत सापडलेली धार उचलून नेतो. हल्ली मोबाइलवर अशा धबधब्यांचे व्हिडिओही येतात. पण आईचा कडा त्यात कधी दिसला नाही. तो मुरबाड तालुक्याच्या पार टोकाला, उंबराच्या वाडीच्या माथ्यावर. वाडी डोंगराच्या अर्ध्या उंचीवरच्या माचीवर बसलेली. आईचं माहेर तिथलं. लग्न होऊन ती आसनगावला आली आणि तिथलीच झाली, पण पावसाने हवा धुतली की गच्चीवर कपडे वाळत घालताना ती पूर्वेकडे बघून म्हणायची, "तो बघ आपला कडा." अक्षदाला तिथे निळी रेघ दिसायची. कधी तीही नाही.

तीनेक वर्षांपूर्वी, गणपती उठल्यावर, दोघी मिळून गेल्याही होत्या. वारा पडलेला होता. उन्हात चकाकणारी एक साधी सरळ धार कड्यावरून खाली उतरत होती, चार धबधबे उतरतात तशी. आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. पाहुण्यांसमोर पोराने पाढे विसरावेत तसा तिचा चेहरा झाला होता. "आज त्याच्या मनात नाय," ती म्हणाली, आणि उतरताना स्वतःशीच हसायला लागली. "श्रावणात येऊ. श्रावणात तो कुनाचं ऐकत नाय." पुढच्या श्रावणात तिचे गुडघे धरले. त्याच्या पुढच्या श्रावणात दवाखाने सुरू झाले. शिमग्याच्या तोंडावर ती गेली.

आता पुन्हा श्रावण आला होता. साड्या वाटून झाल्या होत्या. आईने घातलेल्या लोणच्याची बरणी तळाला गेली होती. अक्षदा कल्याणच्या एका कॉलेजात ग्रंथपाल; वस्तू जिथल्या तिथे लावायची तिला सवय होती आणि तिने सगळं लावलं होतं. लावता लावता तिच्या ध्यानात आलं, की आईने पाहिलेलं, पुन्हा पुन्हा सांगितलेलं आणि आपण न पाहिलेलं असं एकच काहीतरी उरलं आहे. तिने रजा टाकली आणि शहापुराहून मुरबाडकडची एसटी धरली. शेणवा मागे पडलं, किन्हवली मागे पडलं. दोन्ही अंगांना लावणी उरकलेली खाचरं, आणि समोर, ढगाने डोकं कापून नेलेला डोंगर.

*

धाऊमामा आईचा धाकटा भाऊ. उंच, वाळका, आणि बोलायला लागला की थांबायचं विसरणारा. सकाळी निळ्या प्लास्टिकचा कागद डोक्यावरून घेऊन तो अंगणात उभा राहिला तेव्हा कडा आपल्या सातबाऱ्यावरच असल्यासारखा त्याचा थाट होता.

"बूट कसले गो घातलेस?"

"डोंगरात चालायचे आहेत, मामा. घसरत नाहीत."

"आन माझे?" त्याने प्लास्टिकची सँडल पुढे केली. "हे पन नाय घसरत. घसरतो तो मानूस." स्वतःच्या बोलण्यावर तो खूश झाला. "चल. आज दाखवतोच तुला. तुझ्या आईला, गिरजीला नाय जमलं, मी दाखवतो."

सुंदरामामी दारातून म्हणाली, "दाखवतो म्हंजे? नळ हाय का तुमचा, सोडला की आला?"

"तू भाकरी टाक गो."

"टाकतेय. परत येईस्तवर हिच्या डोक्याचं भुस्काट करू नका बोलून बोलून."

वाडी संपली की नळीची वाट सुरू होते. नळी म्हणजे दोन कड्यांमधली चिंचोळी घळ. तिच्यातून दगडावर दगड चढत गेलं की माणूस कड्याच्या माथ्यावर निघतो, आणि तिथून काठाकाठाने धबधब्यापर्यंत वाट जाते. नळीच्या तोंडाशी एका वाकड्या जांभळाखाली पाल्याची आई ही देवी आहे. ना मूर्ती, ना देऊळ. गुडघ्याएवढा एक काळा दगड, शेंदूरही धड न टिकलेला.

तिचा रिवाज अक्षदाला ठाऊक होता. मागच्या वेळी आईनेच दाखवला होता. वर जाणाऱ्याने वाटेतली एक हिरवी डहाळी तोडायची, दगडापुढे ठेवायची, वाऱ्याने उडू नये म्हणून वर खडा ठेवायचा. माणशी एक. उतरताना ज्याची त्याने उचलायची आणि दरीच्या अंगाला टाकून द्यायची. दिवस मावळायच्या आत वाडीतलं कुणीतरी येऊन बघून जातं. दगडापुढे जेवढा पाला उरला असेल तेवढी माणसं अजून वर आहेत. कुणी गुरांमागे गेलेला, कुणी मधाला, कुणी अळंबी शोधायला. मग दोर, बॅटऱ्या घेऊन वाडी निघते. वर धुकं असं असतं की माणूस स्वतःच्या पायाला ओळख देत नाही. काठ कुठे संपतो ते पाय सुटल्यावर कळतं.

मामा कुणाच्या तरी चुकलेल्या वासराची गोष्ट सांगत पुढे होता. अक्षदाने वाटेच्या कडेच्या कारवीला हात घातला. एक तोडली, ती मामाला दिली. दुसरी तोडली. मग आणखी एक तोडली. ती हातात आल्यावर तिला कळलं की आपण तीन तोडल्या आहेत.

हाताने केलं होतं ते. मागच्या वेळी आई पुढे होती आणि मागून येणाऱ्या लेकीसाठी तोडता तोडता दोन्ही डहाळ्या तिनेच ठेवल्या होत्या. तेव्हा अक्षदा म्हणाली होती, पुढच्या वेळी तुझी मी ठेवीन.

तिसरी डहाळी टाकून देता आली असती. पानं रुंद, खडबडीत, दवाने जड झालेली. तिने मामाकडे पाहिलं. तो डोळे मिटून दगडाला हात जोडत होता. तिने आपली डहाळी ठेवली, वर खडा ठेवला. मग तिसरी ठेवली, आणि तिच्यावर जरा मोठा खडा शोधून ठेवला.

*

वर काहीच नव्हतं.

नळी चढून माथ्यावर पाऊल टाकलं तशी वाट, गवत, मामाची निळी पाठ एवढं सोडून सगळं पांढरं झालं. डावीकडे काठ होता. तो दिसत नव्हता, पण अंगाला कळत होता. त्या बाजूने येणारी हवा वेगळी होती, विहिरीत डोकावल्यावर येते तशी. मामाने बोलणं बंद केलं होतं आणि त्यामुळे अक्षदाला पहिल्यांदा भीती वाटली.

"माझ्या पावलावर पाऊल टाक. डाव्या अंगाला बघायला जाऊ नको. दिसनार काय नाय, जाशील मात्र."

बऱ्याच वेळाने एक आवाज यायला लागला. पाण्याचा होता, पण पाणी पडण्याचा नव्हता. पडणाऱ्या पाण्याला तळ असतो, ते कुठेतरी आपटतं. हा आवाज कुठेच आपटत नव्हता. दूर कुणी मोठं कापड झटकत असावं तसा फडफडून थांबत होता आणि पुन्हा फडफडत होता.

"हाय, हाय," मामा म्हणाला. "इथंच हाय. समोरच."

समोर पांढरं.

ते ओल्या कातळावर बसले. वाट बघितली. एकदा धुक्याला किंचित करडा डाग पडल्यासारखा वाटला, तोही मिटला. मामाने प्लास्टिक झटकलं, पुन्हा पांघरलं. शेवटी तो असा काही ओशाळला की अक्षदाला त्याचीच कीव आली. आईचा तोच चेहरा, मिशी लावून समोर बसलेला.

"आज त्याच्या मनात नाही, मामा," ती म्हणाली.

"नाय, तसं नाय गो... वारा हाय, पानी हाय. ढग उठंना. कालपरवा आली असतीस तं..."

उतरताना तो पुन्हा बोलायला लागला, आधीपेक्षा जास्त. पाल्याच्या आईपाशी त्याने आपली डहाळी उचलून दरीत भिरकावली आणि काल-परवा धबधबा कसा दिसत होता ते सांगत पुढे निघाला. अक्षदाने आपली उचलली, टाकली. तिसरीकडे पाहिलं. ती उचलायला हात होईना. असू दे, तिला वाटलं. कुणाचं काय जातंय.

*

मामीने भारंगीची भाजी केली होती आणि तांदळाची भाकरी. जेवून मामा ओट्यावर आडवा झाला. अक्षदा दाराशी बसून राहिली. उद्या सकाळच्या जीपने निघायचं होतं. पुन्हा एक श्रावण येईल. येईल तेव्हा येईल. एवढ्यासाठी काय वाईट वाटून घ्यायचं, असं ती स्वतःला समजावत होती आणि ते समजावणं तिला पटत नव्हतं.

मामी गवताचा भारा आणायला गेली होती. ती भाऱ्याशिवाय परत आली, भराभरा चालत.

"उठा. उठा आधी! वर कोन गेलंय?"

मामा डोळे चोळत बसला. "कुठं?"

"पाल्याच्या आईपुढं डहाळी हाय. ताजी हाय, सकाळचीच."

"आमची असंल."

"तुमची उचललीत का?"

"उचलली. हिने पन उचलली. माझ्या मागंच होती ना." त्याचा झोपेचा अंमल उतरला. "काशी गेलती का अळंब्यांना?"

"काशी घरी हाय, विचारून आले. धोंडीबाई घरी हाय. गुराखी सगळे खाली हायत. कोन हाय ते कळत नाय, आन वर ढग बघा किती हाय."

हाका गेल्या. घरातून माणसं निघाली. समोरच्या घरातला चंदर खांद्यावर दोराचं वेटोळं टाकून आला. तिशीतला, दणकट, गिरजाबाईला तो आत्त्या म्हणायचा, वाडीतली सगळीच तरुण पोरं म्हणायची. "शेरातली पोरं असतील," तो म्हणाला. "फोटो काढायला गेली असतील काठाला."

"शेरातली पोरं डहाळी ठेवतात का रे? सेल्फी ठेवतील," मामा म्हणाला, पण तो पायात सँडल चढवत होता.

अक्षदा उभी राहिली. दोर, बॅटऱ्या, म्हातारी धोंडीबाई काठी टेकत अंगणात येऊन उभी. एवढी माणसं, एका डहाळीसाठी.

"मामी," ती म्हणाली. "ती डहाळी मी ठेवली."

"तुझी तं उचललीस."

"माझी उचलली. ती आईची आहे."

पागोळीचं पाणी तेवढं पडत राहिलं.

"आईची म्हंजे... गिरजीची?" मामाने विचारलं.

"चुकून तीन तोडल्या. मग टाकवेना. मला वाटलं, राहील तिथे. तुम्ही सगळे निघाल हे डोक्यातच आलं नाही."

"अगो, पन मानसं निघाली होती वर! या ढगात!" मामाचा आवाज चढला. "एखादा गेला असता खाली म्हंजे? डहाळी म्हंजे काय फूल हाय का, वाहिलं न झालं?"

"चूक झाली, मामा."

चंदरने खांद्यावरचा दोर काढून हातात घेतला आणि त्याच्याकडे पाहत म्हणाला, "मंग आता आत्त्याला आनायला जायाचं का नाय?"

कुणीतरी फसकन हसलं. मग धोंडीबाई हसली, बोळकं दाखवत. "गिरजी कसली येतेय! मी हाक मारून मारून दमायची. आंधार पडला तरी कड्यावरनं हलायची नाय ती."

मामीच तेवढी हसली नव्हती. ती पदर खोचत होती.

"जायाचं," ती म्हणाली.

"कुठं?"

"वर. डहाळी ठेवली म्हंजे ठेवली. तशीच कशी ऱ्हाऊ द्यायची? रोज संध्याकाळी कोनतरी बघनार, रोज जीव टांगणीला लागनार. न नुसती उचलून टाकली तं ती वरच ऱ्हायली असं होतं. कड्यापरत जायाचं, हाक मारायची, बरोबर घेऊन यायाचं, मंग उचलायची. आधी मानूस, मंग डहाळी."

"मेलेल्या मानसाला कोन आनतं गो?" मामा म्हणाला.

"तुमी गप बसा. तुमच्या बहिनीआधी ती माझी मैतरीन हाय. तिनंच मला तुमच्या गळ्यात बांधली, नायतर मी टोकावड्याला पक्क्या घरात पडले असते." ती अक्षदाकडे वळली. "घाल ते बूट. दिवस हाय अजून."

*

या खेपेला नळीत वारा होता. सकाळी नव्हता, किंवा इतका नव्हता. खालून येऊन तो पाठीला लागत होता, ढकलत होता, जसं लहान मुलाला मागून हात देऊन चढवतात. जांभळाखाली मामीने दोन नव्या डहाळ्या ठेवल्या, एक आपली, एक अक्षदाची. तिसरीला हात लावला नाही. खडा नीट बसला आहे एवढं पाहिलं.

साठीला आलेली ही बाई दगडावर दगड चढत होती आणि श्वासही न लागता बोलत होती. "आमी दोघी गुरं घेऊन यायचो. गुरं चरायची, आमी काठाला बसायचो पाय सोडून. आता सांगते, तेव्हा घरी कळलं असतं तं तंगडं तोडलं असतं. आमी त्या पान्याला वारवनी म्हनायचो. भात वारवतात ना, सुपानं? दानं खाली पडतं, फोल उडून जातं. तसं. पानी कड्यावर आलं की वारा वारवतो. पन दानं नाय ना त्यात. सगळंच उडतं."

माथ्यावर आल्या तेव्हा ढग होताच. पण तो सकाळसारखा बसलेला नव्हता. त्याचे लोट गवताला घासून वर, डोंगरापलीकडे पळत होते. कुठे फटीतून गवताचा हिरवा तुकडा दिसे आणि झाकला जाई. मामीने अक्षदाचा हात धरला. वाट अरुंद होती. हात धरून शेजारी-शेजारी चालल्या की डावीकडची मामी थेट काठाशी.

"मामी, तुम्ही आतून चाला."

"मी इथंच बरी. मला ठावं हाय कुठं संपतं."

तो कापड झटकल्याचा आवाज आला. सकाळपेक्षा मोठा. मामी थांबली, तोंडाभोवती हातांची ओंजळ केली आणि पांढऱ्या ढगात हाक मारली. मेलेल्या माणसाच्या नावाने मारतात तशी ती हाक नव्हती. संध्याकाळ झाली, गुरं वळव, अशी होती.

"गिरजेऽऽऽ! गो गिरजेऽऽऽ! चल घरीऽऽऽ!"

हाक वाऱ्याने उचलली. अक्षदा ती कुठे जाते ते ऐकत राहिली.

मग तिच्या हनुवटीला थेंब लागला. खालून. दुसरा नाकपुडीला. तिने चष्म्यातून पाहायचा प्रयत्न केला तर काचेच्या आतल्या बाजूला थेंब, डोळ्याच्या आणि काचेच्या मधे. काच बाहेरून कोरडी. एवढं वाचून, एवढं समजून घेऊनसुद्धा असा पाऊस असेल हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. पाऊस जमिनीतून येत होता. शर्टाच्या बाह्यांमधून वर चढत होता, वेणीखाली मानेला लागत होता. पायाकडून डोक्याकडे.

मामीने तिच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. तेवढ्या वेळात ढग फाटला होता.

आधी दिसला तो कडा. जिथे त्या उभ्या होत्या तिथपासून उत्तरेकडे तो वळत गेला होता, काळा, ओला, एवढा उंच की मधल्या उंचीवर तरंगणारी घार वरून दिसत होती, पंखांची पाठ दिसत होती. कड्याच्या अंगावरचं सगळं गवत वरच्या दिशेने विंचरलेलं. आणि पलीकडच्या काठावर पठारावरचा ओढा येत होता, साधा, मातकट, कातळावरून वळसे घेत. तो काठाशी आला. काठावरून त्याने पाऊल टाकलं. आणि पडलाच नाही.

तो हवेत उभा राहिला. दोन पुरुष उंचीएवढी खाली जाऊन धार थबकली, पोटात वाकली, पांढरी झाली आणि उलटी फिरून वर निघाली. काठाच्या वर गेली, ओढ्याच्या वर गेली, झाडांच्या शेंड्यांच्याही वर, फुटत, पसरत, आणि मावळतीकडचं ऊन त्यात शिरलं तेव्हा धूर पेटावा तशी पिवळी झाली. वरून ती पुन्हा पठारावर पडत होती, पुन्हा ओढ्यात मिळत होती, पुन्हा काठाशी येत होती. खाली दरीत, जिथे धबधबा पोचायला हवा, तिथे कातळ कोरडा दिसत होता.

अक्षदाला काही म्हणायचं नव्हतं. तिच्या डोक्यात नेहमी एखादं वाक्य तयार असे, कुठेतरी वाचलेलं, प्रसंगाला बसणारं. आत्ता तिथे काहीही नव्हतं. मोठ्या घरातलं सगळं सामान काढून नेल्यावर भिंती जशा दिसतात तसं आत झालं होतं. ती उभी होती आणि पाणी वर जात होतं.

"बघ," मामी म्हणाली. एवढंच.

खालचं कोकण उघडं पडलं होतं. खाचरं, त्यातून वाकडी गेलेली काळू नदी, सरळगावकडचा रस्ता, आणि पार दूर, पश्चिमेला, ढगाच्या कडेखाली तीन-चार बोटं वर करावीत तसे सुळके.

"तो माहुली ना?" अक्षदाने विचारलं.

"माहुलीच. तुमचं आसनगाव त्याच्याच बुडाला ना? आमी इथं बसायचो तं गिरजी त्याच्याकडं बोट दाखवायची. म्हनायची, त्या डोंगराखाली कोन ऱ्हात असंल गो? तिला वाटायचं, तिथली मानसं लई सुखाची असतील. एवढा सुंदर डोंगर दारात." मामी हसली. "मंग तिथलंच स्थळ आलं. मुलगा बघितला पन नाय, हो म्हनाली."

अक्षदाने हे कधी ऐकलं नव्हतं. आई कड्याबद्दल बोलायची, पाण्याबद्दल बोलायची. इथून काय दिसतं ते तिने कधी सांगितलं नव्हतं. तिथे बसून इकडे बघणारी आईच तिला ठाऊक होती. इथे बसून तिकडे बघणारी मुलगी, पाय काठावरून सोडलेली, अजून कुणाचीच आई नसलेली, ती तिला आज भेटत होती.

दोघी खूप वेळ उभ्या राहिल्या. पाणी थकत नव्हतं. मग ऊन उतरलं, धूर विझला, नुसतं पांढरं उरलं, आणि तेही तितकंच नवलाचं होतं.

मामीने पदर पिळला. "झालं गो गिरजे बघून," ती मोकळ्या हवेला म्हणाली. "चल आता. पोरगी भिजलेय."

*

परतीच्या वाटेवर मामी पुढे झाली. अक्षदा तिच्या पाठीला लागून निघाली तर मामी मागे न बघता म्हणाली, "खेटून येऊ नको. मधे जागा ठेव."

अक्षदाने पावलं आवरली. दोघींच्या मधे एका माणसाची जागा राहिली आणि तशाच त्या काठाकाठाने आल्या. नळीत अवघड दगड आला की मामी उतरून थांबायची, बाजूला सरायची, आणि मग अक्षदाला हात द्यायची. कधी लगेच द्यायची, कधी जरा थांबून.

जांभळाखाली अजून उजेड होता. मामीने आपली डहाळी उचलली आणि दरीच्या अंगाला टाकली. अक्षदाने आपली टाकली. मग मामी दोन पावलं मागे सरून उभी राहिली, हात पोटाशी घेऊन.

तिसरीवरचा खडा अक्षदाने काढला. पानं सकाळपेक्षा मऊ पडली होती, कडेने काळपट. तिने डहाळी दोन्ही हातांत घेतली. काही म्हणावं असं तिला वाटलं, पण जे म्हणायचं ते मामीने वरच म्हणून टाकलं होतं. ती वाटेच्या कडेला गेली आणि डहाळी खाली सोडली.

ती थोडी खाली गेली. मग नळीतून वर येणाऱ्या वाऱ्याने तिला धरलं. पानं उलटी झाली, पांढुरक्या पाठी दिसल्या. डहाळी अक्षदाच्या गुडघ्यापर्यंत आली, तोंडासमोर आली, क्षणभर तिथेच गिरकी घेत राहिली, आणि जांभळाच्या शेंड्यावरून, नळीच्या दोन्ही भिंतींच्या मधून, वर कड्याकडे निघून गेली. दोघी मान मागे टाकून बघत राहिल्या. ढगात शिरेपर्यंत ती दिसत होती.

अक्षदाने घाबरून मामीकडे पाहिलं. "आता?"

मामी वरच बघत होती. तिच्या तोंडावर राग होता की हसू ते त्या उजेडात कळत नव्हतं. "आता काय?" ती म्हणाली. "आपन हाक मारली, आनायला गेलो, इथपरत आनली. पुढचं तिच्या मनावर. ल्हानपनापासून अशीच हाय." मग तिने वाकून दगडापुढची जागा हाताने साफ केली. एक पान राहिलं होतं, तेही उचलून टाकलं. "रिकामी झाली ना जागा? झालं तं मंग."

वाडीत दिवे लागायला लागले होते. खालून मामाचा आवाज आला. तो अंगणाच्या कडेला उभा असणार, प्लास्टिक पांघरून.

"आली का गोऽऽऽ?"

मामीने अक्षदाकडे पाहिलं. अक्षदाने आयुष्यात कधी डोंगरातून हाक मारली नव्हती. ग्रंथालयात आवाज चढवायची वेळच येत नाही. तिने मामीसारखी हातांची ओंजळ तोंडाभोवती केली.

"ती वर राहिलीऽऽऽ!"

मामाची हाक आली, नेहमीच्या आवाजात.

"ऱ्हाऊ देऽऽऽ! तुमी या! चाय उकळून उकळून काळी झालीऽऽऽ!"